अंगकोरच्या आधी जोगेश्वरी

(साष्टीतील लेण्यांच्या एकदिवसीय अभ्यास-सहलीच्या पूर्वसंध्येला सांताक्रूझ येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कंबोडियाच्या उत्तर भागातील अरण्यात कोह केर नावाचे एक स्थान आहे. इसवी सन ९२८ ते ९४४ या अल्पकाळात खमेर राजा चौथा जयवर्मन याने तेथे आपली राजधानी वसवली होती. लिंगपुर हे त्या नगरीचे एक प्राचीन नाव. सात टप्प्यांनी चढत जाणारे सुमारे ३६ मीटर उंचीचे पाषाणी मंदिर तेथे आजही उभे आहे. राजाने तेथे प्रतिष्ठापिलेल्या शिवलिंगाचे नाव होते त्रिभुवनेश्वर. अंगकोर पाहावयास गेलेला प्रवासी सिएम रीप या गावी मुक्काम करतो. तेथून कोह केर सुमारे १२० किलोमीटर दूर. सकाळी निघावे, दिवसभर भग्न देवळांतून हिंडावे आणि सायंकाळी परतावे, असा हा एका दिवसाचा प्रवास स्थानिक मार्गदर्शकाच्या सोबतीने केला जातो. मळलेली वाट सोडू नये, ही या प्रवासातील पहिली शिस्त. यादवी युद्धाच्या काळात या अरण्यात भूसुरुंग पेरले गेले होते. ते काढण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले आणि देवळांकडे जाणाऱ्या वाटा त्यानंतरच मोकळ्या झाल्या.

याच कोह केरमध्ये प्रासात चेन नावाचे एक लहान देवालय आहे. महाभारतातील भीम आणि दुर्योधन गदायुद्धासाठी एकमेकांसमोर ठाकले आहेत, असा पुरुषभर उंचीचा देखावा तेथील शिल्पकारांनी घडविला होता. १९७०नंतरच्या धामधुमीत चोरांनी दोन्ही मूर्ती घोट्यापासून तोडून नेल्या. पाय मात्र मूळ चौथऱ्यांवरच राहिले. पुढे दुर्योधन न्यूयॉर्कच्या लिलावगृहात अवतरला. भीम कॅलिफोर्नियातील एका संग्रहालयात उभा होता. अभ्यासकांनी त्या मूर्तींचे तुटलेले घोटे आणि कोह केरमधील चौथऱ्यांवरचे पाय यांचा मेळ घातला. कंबोडियाने नेटाने पाठपुरावा केला आणि २०१४ साली दोन्ही योद्धे स्वदेशी परतले. जागेवर राहिलेल्या पायांनीच शेवटी साक्ष दिली. २०२३ साली कोह केरचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला.

सांताक्रूझमधील व्याख्यानात कंबोडियाची ही कथा सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. प्रयोजन साधे आहे. मुंबईच्या उपनगरांतील अनेक मराठी कुटुंबे आज अंगकोरला जाऊन येतात. तेथील भग्न मंदिरे पाहून त्यांचा ऊर भरून येतो आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु सांताक्रूझ स्थानकावरून धीम्या गाडीत बसले की विलेपार्ले, अंधेरी आणि मग तिसरे स्थानक जोगेश्वरी. या गावाला जिने नाव दिले ती देवी ज्या लेण्यात बसली आहे ते लेणे अंगकोर वाटपेक्षा सुमारे सहाशे वर्षांनी जुने आहे. ते पाहिलेली किती कुटुंबे सांताक्रूझमध्ये सापडतील? सातासमुद्रांपलीकडचे शिवालय पाहण्यासाठी माणूस मार्गदर्शक शोधतो; घराजवळचे शिवालय मात्र त्याला गाडीच्या खिडकीतूनही आठवत नाही.

डोंगराच्या पोटातील मंदिर

जोगेश्वरीचे लेणे इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोरले गेले. लेण्यांच्या इतिहासाचे ख्यातनाम अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी ते घारापुरीच्या आधीचे मानले आहे. भारतातील हिंदू लेण्यांमध्ये हे आरंभीचे भव्य लेणे, आणि एकूण लांबीचा विचार केला तर सर्वांत मोठे, असे त्यांचे मत होते. पूर्वेकडून प्रवेश केला की पायऱ्या खाली उतरतात. मग दालन, मग आकाशाला खुले असलेले प्रांगण, मग मुख्य मंडप. मंडपात चौरसाकृती मांडणीने स्तंभ उभे आहेत आणि त्यांच्या मध्यभागी चार दिशांना चार दारे असलेला गाभारा आहे. पश्चिमेकडूनही वाट आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ही सारी रचना सुमारे अडीचशे फूट लांब आहे.

सोबत जाणकार नसेल तर येथे आलेल्या माणसाला काय दिसते? अंधार, ओल, झिजलेले दगड आणि देवीपुढे तेवणारा दिवा. नमस्कार करून तो पाच मिनिटांत बाहेर पडतो. जाणकार सोबत असेल तर तो प्रथम थांबावयास सांगतो. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी लागते. मग तो पाहुण्यांना गाभाऱ्याभोवती एक प्रदक्षिणा घालावयास लावतो. चार दारांच्या गाभाऱ्याचे मर्म वाचून उमगत नाही, चालून उमगते: भक्त कोणत्याही दिशेने येवो, देव त्याला सन्मुखच असतो. घारापुरीच्या लेण्यातही असाच चार दारांचा गाभारा आहे. साष्टीच्या डोंगरात रुजलेली कल्पना खाडीपलीकडच्या बेटावर कशी बहरली, हे या प्रदक्षिणेत स्पष्ट होते.

त्यानंतर शिल्पपट येतात. शिव-पार्वतीचा विवाह, दोघांचा सारीपाटाचा डाव, तांडव करणारा नटराज आणि कैलास उचलू पाहणारा रावण. झीज इतकी झाली आहे की अनेक ठिकाणी केवळ देहाची वळणे उरली आहेत. परंतु रावणाच्या कथेचा धागा हाती आला की झिजलेला दगडही उलगडू लागतो. वर शिव-पार्वती, खाली अनेक हातांनी पर्वत हलवणारा रावण, आणि पायाच्या अंगठ्याच्या दाबाने सारे स्थिर करणारा महादेव.

हाच प्रसंग अंगकोरच्या ईशान्येस सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील बांतेय स्रेई या मंदिरात गुलाबी वालुकाश्मावर कोरलेला आहे. हे मंदिर यज्ञवराह नावाच्या विद्वान राजपुरुषाने उभारले आणि ९६७ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. तेथील कैलास पायऱ्यापायऱ्यांचा आहे. प्रत्येक पायरीवर ऋषी, गण आणि भयभीत पशू आहेत, आणि माथ्यावर शिवाला बिलगलेली पार्वती आहे. जोगेश्वरीच्या कारागिराने कैलास डोंगराच्या आतून कोरला. बांतेय स्रेईच्या कारागिराने तो एका देवळीएवढ्या त्रिकोणी चौकटीत बसविला. दोघांमध्ये चारशे वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर. कथा एक, हात निराळे. खमेर शिल्पकार हा नकलाकार नव्हता. भारतातून आलेली कथा आणि संस्कृत भाषा त्याने आपल्या मातीत रुजवली आणि आपल्या प्रतिभेने वाढवली. त्या संस्कृतीचे श्रेय त्याला मनमोकळेपणाने देणे हेच भारतीय मनाला शोभते.

दोन्ही प्रदेशांना जोडणारा आणखी एक दुवा जोगेश्वरीच्या शिल्पांत आहे. हातात दंड धरून बसलेला लकुलीश हा पाशुपत शैव परंपरेचा महान आचार्य. गुजरातमधील कारवण हे त्याचे स्थान मानले जाते. पश्चिम किनाऱ्यावरील जोगेश्वरी, घारापुरी आणि मंडपेश्वर या तिन्ही लेण्यांत त्याची मूर्ती आढळते. सातव्या शतकातील कंबोडियाच्या संस्कृत शिलालेखांतही पाशुपतांचा उल्लेख येतो. ईशानवर्म्याची राजधानी असलेल्या ईशानपुराची, म्हणजे आजच्या साम्बोर प्रेई कुकची मंदिरे याच काळातील. ज्या शतकात साष्टीतील कातळावर छिन्नी चालत होती, त्याच्या पुढच्याच शतकात शिवोपासनेची ही धारा समुद्रापलीकडे पोहोचली होती.

दात्याचे गोत्र आणि विहाराचे दान

जोगेश्वरीहून सहलीची दुसरी पायरी अंधेरी पूर्वेकडील कोंडिविटे, म्हणजेच महाकाली लेणी. लोकांनी नाव देवीचे दिले असले तरी ही एकोणीस लेणी बौद्धांची आहेत. येथील चैत्यगृहात एक दुर्मीळ रचना पाहावयास मिळते. कातळात कोरलेली गोलाकार खोली, तिच्या आत स्तूप आणि खोलीच्या भिंतीला दगडी जाळीच्या खिडक्या. जवळच ब्राह्मी लिपीतील एक लहानसा लेख आहे. गौतम गोत्रातील एका ब्राह्मणाने आपल्या भावासह हा विहार दान दिला, असे तो लेख सांगतो.

या लेखापाशी सहलीने क्षणभर थांबावयास हवे. कारण इतिहासाचे दुसरे रूपही तितकेच खरे आहे. अंगकोरमध्ये सातवा जयवर्मन या बौद्ध राजाने बांधलेल्या मंदिरांत शेकडो बुद्धमूर्ती कोरल्या होत्या. त्याच्या मृत्यूनंतर तेराव्या शतकात त्या मूर्ती छिन्नीने खरवडण्यात आल्या. काहींची शिवलिंगे करण्यात आली. हे काम परक्या आक्रमकाने केलेले नव्हते. ज्याला इतिहास शिकावयाचा आहे त्याने कोंडिविट्याचा दाताही लक्षात ठेवावा आणि अंगकोरची ती छिन्नीही. या दोहोंपैकी अनुकरणीय कोण, हे मुलांना सांगावे लागणार नाही.

मंडपेश्वराची दोन पर्वे

तिसरी पायरी बोरिवली पश्चिमेकडील मंडपेश्वर. गणांनी वेढलेला येथील नटराज झीज सोसूनही लेण्याचा प्राण राहिला आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास साष्टीवर पोर्तुगीज सत्ता होती. त्या काळात अन्तोनियु दो पोर्तु या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने या शिवलेण्याचे चर्च करण्यात आले. त्याच्या माथ्यावर मठ आणि विद्यालय उभे राहिले. त्या इमारतीच्या भग्न भिंती आजही टेकडीवर दिसतात आणि लेण्याच्या एका बाजूच्या दालनात दगडावर कोरलेला क्रूसही दिसतो. १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि साष्टीवरील पोर्तुगीज अंमल संपला. मंडपेश्वराच्या गाभाऱ्यात आज पुन्हा शिवलिंगाची पूजा होते.

हा इतिहास लपवून ठेवण्याचे कारण नाही. तो कडवटपणे सांगण्याचेही कारण नाही. चारशे-पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या एका राजसत्तेच्या कृत्याचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागणे हा इतिहास नव्हे. साष्टीतील ईस्ट इंडियन समाज याच मातीतला आहे, मराठीच्याच एका बोलीत बोलतो. मार्गदर्शकाचे कर्तव्य इतकेच की क्रूस आणि नटराज या दोहोंपुढे उभे राहून जे घडले ते, सनावळीसह, जसेच्या तसे सांगावे.

आता एक प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ येते. १७३९ला पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. मंडपेश्वरावर अन्याय करणारी सत्ता केव्हाच लयाला गेली. जोगेश्वरीच्या लेण्यावर तर तसा घाला पडल्याच्या खुणाही दिसत नाहीत. मग जोगेश्वरीची आजची अवस्था कोणी केली?

घाला कोणाचा?

या लेण्यांचा खडक मुळात दुबळा आहे. वेरूळला लाभला तसा घट्ट कातळ साष्टीत नाही. ज्वालामुखीच्या राखेत दगडगोटे मिसळून बनलेला हा खडक पाणी शोषतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. प्राचीन कारागिरांनी हे ओळखले होते. म्हणून साष्टीच्या लेण्यांत पाणी वाहून नेणारे पाट आणि साठविणारी टाकी कोरलेली दिसतात. गेल्या काही दशकांत मात्र जोगेश्वरीच्या लेण्याच्या कडेने आणि थेट माथ्यापर्यंत वस्ती वाढत गेली. माथ्यावरचे सांडपाणी झिरपून खालच्या शिल्पांपर्यंत पोहोचू लागले. तक्रारी झाल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. दीड हजार वर्षांच्या पावसाने जे केले नाही ते काम नागरी सांडपाणी मुकाट्याने करीत आहे.

येथेही दोष एका माणसाच्या पदरात टाकणे सोपे आहे. माथ्यावर राहणारी कुटुंबे कष्टकऱ्यांची आहेत. मुंबईत डोके टेकावयास दुसरी जागा मिळाली नाही म्हणून ती तेथे आली. २०१०च्या सुधारित कायद्याने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध केले आणि त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित केला. या पट्ट्यांतील जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. म्हणजे लेण्याचे हाल होत आहेत आणि माथ्यावरच्या माणसाचेही. त्यांचे सन्मानाने पुनर्वसन झाल्याविना देवाचा गाभारा कोरडा होणार नाही. हे काम पैशाने अवघड असेल, पण बुद्धीला अगम्य नाही. ते रखडते, कारण त्याचा आग्रह धरणारा समाज उभा नाही.

एक विसंगती विचारात घेण्याजोगी आहे. कंबोडियात यादवीच्या सावटाखाली अंगकोर वाटची दुरुस्ती करावयास जे भारतीय गेले, ते आपल्याच पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे. १९८६ ते १९९३ या काळात त्यांनी ते काम केले. वृक्षांच्या मुळांनी कवटाळलेल्या ता प्रोम मंदिराचे जतनही याच विभागाने हाती घेतले. तेथील नर्तनमंडपाचा जीर्णोद्धार पूर्ण होऊन २०२२ साली भारताच्या उपराष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जोगेश्वरी, कोंडिविटे आणि मंडपेश्वर यांचा रक्षकही हाच विभाग आहे. ज्ञान तेच, संस्था तीच. मग अंतर कशामुळे पडते? कंबोडियाच्या राष्ट्रध्वजावर अंगकोर वाटचे चित्र आहे. देऊळ पडले तर ध्वजावरचे चित्र खोटे ठरेल, ही जाण तेथील सामान्य माणसाला आहे. जोगेश्वरीचे लेणे उद्या ढासळले तर कोणाचे काय खोटे ठरेल?

मार्गदर्शकाची आणि पाहुण्याची नीती

म्हणूनच एका दिवसाच्या सहलीला महत्त्व आहे. ज्याला समाजाने पाहिलेलेच नाही, त्याच्या रक्षणासाठी समाज आग्रह धरीत नाही. मात्र पाहणे डोळस हवे. ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. कंबोडियातही अंगकोर वाट देवांचा शिल्पी विश्वकर्मा याने बांधले, अशी लोकश्रद्धा आहे. श्रद्धेत गोडवा आहे. परंतु तिच्यात एक अन्यायही दडलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या कातळ फोडणारे, हाताला घट्टे पडलेले शेकडो कारागीर या कथेत नाहीसे होतात. मार्गदर्शकाने कथा अवश्य सांगावी आणि त्यानंतर छिन्नीच्या खुणाही दाखवाव्यात.

सावधपणाही हवा. अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेखाचा शके आरंभी ७८२ असा वाचला गेला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असल्याचे दाखविले. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षे पुढे सरकले. त्यामुळे अंबरनाथचे महत्त्व तिळमात्र कमी झाले नाही. उलट एक विलक्षण योग समोर आला: शिलाहार राजे अंबरनाथ घडवीत होते त्याच सुमारास अंगकोरमध्ये दुसरा उदयादित्यवर्मन बाफुऑन हे शिवमंदिर उभारीत होता. सत्य तपासून घेतल्याने अभिमान उणावत नाही. तो टिकाऊ होतो.

पाहुण्याचीही काही बंधने आहेत. शिल्पाला हात लावू नये. पापुद्रा धरलेला दगड बोटाच्या स्पर्शानेही सुटतो. शेंदूर, तेल, कापूर यांचे स्थान पूजेच्या जागी, शिल्पपटावर नव्हे. नावे कोरणे तर दूरच. खडूचीही रेघ नको. आंद्रे मालरो हा फ्रेंच तरुण १९२३ साली बांतेय स्रेईतून देवतांच्या मूर्ती कापून नेताना पकडला गेला आणि पुढे तोच फ्रान्सचा संस्कृतिमंत्री झाला. सुशिक्षितपणा हा स्मारकाच्या रक्षणाची हमी नसतो, एवढे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

आणि सहलीने परतताना काही घेऊन यावे. प्रत्येक शिल्पपटाचे तारखेनिशी छायाचित्र घ्यावे. पुढच्या वर्षी त्याच जागी उभे राहून पुन्हा घ्यावे. कोठे ओल वाढली, कोठे पापुद्रा सुटला, हे त्यावरून कळते. पुरातत्त्व विभागाला, महापालिकेला लिहावयाचे पत्र त्या दोन छायाचित्रांसह गेले तर त्याला वजन येते. कोह केरच्या योद्ध्यांना परत आणणारा पुरावाही शेवटी असाच होता: कोणता पाय कोणत्या चौथऱ्यावर होता, याची नेमकी नोंद. दहा शाळांनी दहा लेणी वाटून घेतली आणि दरवर्षी एक फेरी केली, तरी पाच वर्षांत असा नोंदसंग्रह तयार होईल की जो कोणत्याही न्यायालयात उभा राहू शकेल.

१९३१ साली परळ येथे रस्त्याचे काम चालू असताना जमिनीतून एक भव्य शिवमूर्ती वर आली. एका शिवातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे उमलत जाणारे हे सात आकृतींचे शिल्प भारतीय कलेतील एक आश्चर्य मानले जाते. तेथील लोकांनी तिला बारादेवीच्या मंदिरात आणून स्थापिले आणि आजही ती तेथे पूजेत आहे. कामगारांच्या वस्तीने सापडलेल्या देवाला आपल्या घरात जागा दिली. साष्टीतील लेण्यांना आज तेवढीच अपेक्षा आहे.

अंगकोरला अवश्य जावे. कोह केरच्या अरण्यवाटाही तुडवाव्यात. परंतु तेथील मार्गदर्शक एखाद्या दिवशी सहज विचारील, "तुमच्या गावातले शिवालय कसे आहे?" सांताक्रूझच्या माणसाला त्या प्रश्नाचे उत्तर मान खाली न घालता देता यावे, यासाठी उद्याची सहल आहे. सकाळी सात वाजता निघावयाचे आहे. पहिला थांबा जोगेश्वरी.